लिंबाखालचा पुकारा

नोकरीत मला मिळालेला पहिला मेमो मी काच लावून भिंतीवर टांगलाय. लोक देवाच्या तसबिरी लावतात, आईवडिलांचे फोटो लावतात, पोराला मिळालेलं प्रमाणपत्र लावतात. माझ्या बैठकीत मेमो आहे. 'सदर शिपायाने कर्तव्यात कसूर केल्याचे स्वतः कबूल केले आहे,' असं त्यात लिहिलंय, खाली सही आहे, गोल शिक्का आहे. बायको म्हणते, काढा ते, पाहुण्यांना काय वाटेल. मी काढत नाही. त्या मेमोमागे माझ्या जुन्या घरमालकांचा, म्हणजे चाचांचा, हात होता आणि त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. फोटोचा त्यांना तिटकारा. "फोटूले हाक मारली त ओ देते काय?" असं विचारायचे. ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हा त्यांच्या नावानं भिंतीवर हा मेमोच.

नाव सांगणार नाही. गावाचंही सांगणार नाही. वाशिम जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथल्या कोर्टाची नाचक्की करायची मला हौस नाही. आणि चाचांचं नाव खुद्द चाचांना विचारलं असतं तरी ते म्हणाले असते, "कोनतं सांगू? कागदावरचं का गावातलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न होता. कोणीही नवा माणूस भेटला की पहिला सवाल हाच. मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा मलाही हाच विचारला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, कोर्टात शिपाई म्हणून नुकताच लागलोय, कायम व्हायचंय, हेही सांगितलं. ते ऐकून चाचा खाटेवरून उठलेच.

"कोर्टात? पुकारा कोन करते?"

"मीच."

"मंग जा त्या गल्लीच्या टोकाले, अन् तथून सोताचं नाव पुकार. मी गच्चीवर उभा राहतो. ऐकू आलं त खोली तुही."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तो खरोखर गच्चीवर जाऊन उभा राहिला. मी भर दुपारी गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीसमोर उभा राहून स्वतःच्याच नावानं ओरडलो. गिरणीवाला बाहेर आला, दोन बाया डोक्यावरचं दळण सावरत थांबल्या. चाचांनी कानाला हात लावून नकार दिला. पुन्हा ओरडलो. पुन्हा नकार. शेवटी चाची मधे पडल्या. "द्या ना त्याले खोली, पोरगं सरमून राह्यलं," म्हणाल्या, म्हणून मिळाली. पण चाचांनी बजावलं, "खोली मेहरबानीवर भेटली तुले, लक्षात ठेव. आवाजावर नाही भेटली."

चाचांची सारी उमर हाका मारण्यात गेली होती. तरुणपणी कारंजाच्या बाजारात ते हर्रास पुकारायला शिकले, म्हणजे धान्याचा, कापसाचा लिलाव करायला. मग लग्नानंतर सासुरवाडीच्या गावी, म्हणजे आमच्या गावी येऊन राहिले आणि इथल्या बाजारात तेच काम करू लागले. चाळीस-पन्नास ढीग, प्रत्येक ढिगावर त्याचा मालक उभा, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि पुढे चाचा. लिहिणं नाही, वाचणं नाही, उर्दूत सही तेवढी यायची. पण कोणता ढीग कोणाचा आणि गावात त्याला काय म्हणतात, हे सगळं डोक्यात. ढिगाची बोली संपली की व्यापाऱ्याकडे न बघता शेतकऱ्याकडे बघून विचारायचे, "पोचली का हाक? देतं का?" त्यानं मान हलवली तरच तीन म्हणून सौदा पक्का करायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पोचली त हाक, नाही त खोकला."

निवृत्त झाल्यावर ही सवय कोंबड्यांवर निघाली. सकाळी दाणे टाकताना प्रत्येकीला तिच्या आईच्या नावासकट पुकारायचे. "लंगडी, कावरीची पोट्टी, हाजिर हो!" लंगडी येईपर्यंत मूठ उघडायची नाही. कर्णा लावून भाजी विकणारी गाडी गल्लीत यायची, त्यात रेकॉर्ड केलेला आवाज, कांदे घ्या, बटाटे घ्या. चाचा गाडीसमोर आडवे उभे राहायचे. "मशीनले म्हना थांब. मले इचारायचं हाय, कांदा वल्ला त नाही? सांगते का मशीन?" गाडीवाला वैतागून कर्णा बंद करायचा आणि तोंडानं बोलायचा. मग चाचा कांदे घ्यायचे. चाची कपाळावर हात मारत, कारण घरात आधीच कांद्याची रास पडलेली.

निवृत्त झाल्यावर असं मी म्हणालो खरं, पण ते निवृत्त झाले नव्हते, त्यांना काढलं होतं. ही गोष्ट मला चाचींनी सांगितली. एका म्हाताऱ्याची तूर होती. त्याला कमी ऐकू यायचं आणि बोलीच्या वेळी तो नळावर पाणी प्यायला गेला होता. एका बड्या व्यापाऱ्यानं भाव पाडून बोली लावली आणि चाचांना म्हणाला, तीन म्हण आणि पुढे चल. चाचा म्हणाले, मालक नाही इथं. तो म्हणाला, माझ्या बाजारात मला शिकवतो का. चाचांनी चपला काढल्या आणि त्या तुरीच्या ढिगावर मांडी घालून बसले. "मालक येईलोक हर्रास बंद." अख्खा बाजार तासभर थांबला. म्हातारा धोतराला हात पुसत आला तेव्हा त्याला कळेना की आपल्या ढिगावर हा कोण औलिया बसलाय. त्याच्या कानाशी तोंड नेऊन चाचांनी भाव सांगितला. म्हातारा म्हणाला, नाही देत. गोणी भरून तो घरी गेला. चाचांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. ते म्हणाले, "उद्यापासून कायले? आत्तापासूनच नाही येत," आणि चपला हातात घेऊन निघाले.

आता माझा पुकारा कसा होता ते सांगतो, कारण लपवायचं काही उरलेलं नाही. आमच्या कोर्टाचा रिवाज असा की दावा निघाला की शिपायानं दारात जाऊन पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. कायद्याच्या हिशेबानं तीन हाका म्हणजे गावाच्या वेशीपर्यंत आवाज. माझ्या हिशेबानं एक पाय आत, एक पाय व्हरांड्यात, खांदा चौकटीला टेकलेला, नजर घड्याळावर, आणि एका श्वासात नाव. दुसऱ्यांदा नुसते ओठ हलवायचे. तिसऱ्यांदा तेही नाही. मग आत वळून "हाजर नाही" म्हणायचं. एका दिवसात सत्तर-ऐंशी दावे असत, घसा काही सरकारी नाही. सगळे शिपाई असंच करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. चाचा एकदा जेवणाचा डबा द्यायला कोर्टात आले, दाराशी उभे राहून त्यांनी दोन पुकारे ऐकले आणि डबा परत घेऊन गेले. संध्याकाळी म्हणाले, "तू पुकारत नाहीस बे, जांभई देतं."

मी चिडलो. म्हणालो, चाचा, आता पुकाऱ्याला विचारतं कोण, सगळं मोबाईलवर येतं, पेशीची तारीख, कुठला दावा कितवा, सगळं. चाचा म्हणाले, "मोबाईल तिले ऊठ म्हंते का?"

"तिला म्हणजे कोणाला?"

"कोनालेबी," म्हणाले आणि कोंबड्या कोंडायला गेले. त्यांच्या मनात तेव्हा कोणी खास बाई नव्हती. बाई नंतर आली.

कोर्टासमोर एक मोठा कडुनिंब आहे. खेड्यातून आलेले लोक आत बसत नाहीत. आतल्या बाकांवर वकिलांच्या पिशव्या असतात, पंखे असतात, काळे कोट असतात, आपण बसलो तर कोणी उठवेल ही धास्ती असते. म्हणून सगळे लिंबाखाली. सकाळच्या एसटीनं येतात, भाकरीचं गाठोडं बाजूला ठेवतात आणि संध्याकाळच्या एसटीपर्यंत दाराकडे बघत बसतात.

त्या दिवशी साडेपाचला मी दाराला कुलूप लावत होतो, तर एक बाई पायरीशी आली. साठीची असेल. हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकच्या दोन बांगड्या.

"बाबू, माहा नंबर कवा येते?"

"आजचं काम संपलं मावशी. नाव काय?"

तिनं पिशवीतून घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. जैतुनबी जौजे शेख महेबूब. जौजे म्हणजे बायको, जुन्या कागदांत असंच लिहितात. मी आत जाऊन बोर्ड पाहिला. सकाळी अकराला दावा निघाला होता. वकील त्या दिवशी जिल्ह्याच्या कोर्टात. वादी गैरहजर. दावा खारीज.

"मावशी, तुम्ही होतात कुठे? सकाळीच पुकारा झाला."

"इथंच त होती बापा. लिंबाखाली. नवापासून बसून राह्यली. लघवीलेबी नाही उठली, का मंधातच नंबर येईन म्हनून."

"मग ऐकलं नाही? जैतुनबी म्हणून?"

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "थे कागदावरचं हाय. जैतून म्हनून मले माह्या बापानं हाक मारली होती. थो मेला त्याले तीस साल झाले. सासरी आली तवापासून सारं गाव मले इंझोरीवालीच म्हंते. माहेर माहं इंझोरीचं हाय न." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिला काहीतरी कळलं. "काय झालं बाबू? माहं वावर गेलं का?"

तिचा नवरा वारला होता. त्याच्या वाट्याचं अडीच एकर वावर दिरानं मधला धुरा, म्हणजे बांध, मोडून आपल्यात नांगरून घेतलं होतं. बाईमाणसाला वावर कायले पाहिजे, असं त्याचं म्हणणं. म्हणून तिनं दावा लावला होता. तीन वर्षं ती पेशीला येत होती आणि एकही पेशी चुकवली नव्हती. आधीच्या पेश्यांना वकिलाचा कारकून येऊन तिला आत घेऊन जाई, तो त्या दिवशी वकिलाबरोबर गेलेला. तिनं चुकवलं काहीच नव्हतं. मी तिच्यापासून पंचवीस पावलांवर तिचं नाव एका श्वासात दाराच्या चौकटीला सांगितलं होतं. मी तिला म्हणालो, वकिलांना भेटा, काहीतरी होईल. आणि कुलूप लावून सटकलो. मला लाज वाटली होती, आणि लाज वाटली की मला राग येतो.

घरी आल्यावर मी हे चाचांना सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही, बहुधा ते म्हणतील, तुझी चूक नाही, अशी आशा असावी. चाचांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "किती पावलं?" विचारलं.

"पंचवीस."

चाचा उठून अंगणात गेले. कोंबड्या त्या संध्याकाळी पुकारा न होताच कोंडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टात पोचलो तर चाचा लिंबाखाली हजर. पांढरा कुडता, डोक्याला बाजारातला जुना रुमाल. एकेकापाशी जाऊन उकिडवे बसत होते. "कागदावर काय नाव हाय? अन् गावात काय म्हंतेत?" चाळीस माणसं त्यांनी अशी डोक्यात भरली, बाजारात ढीग भरायचे तशी. अकरा वाजता मी दारात येऊन नेहमीप्रमाणे पुटपुटलो. आणि लिंबाखालून तोफ उडाली.

"आरागिरनीवाला तुकाराम होऽऽ! ऊठ, तुहा पुकारा झाला!"

आरागिरणीवाला तुकाराम बिडी टाकून धावत आला. त्यामागून, "तीन पोरीवाला रहीमभाई होऽऽ!" रहीमभाई आला. "वरच्या आळीची सून, टेलरची बायको, चाल माय, लवकर!" ती पदर खोचत आली. त्या दिवशी बोर्डावर एकही गैरहजर पडला नाही. वकील हसत होते, काही चिडले होते. गैरहजेरीवर ज्यांचं बरं चालतं, ते जास्त चिडले. आमचे अधीक्षक साहेब खिडकीतून मला म्हणाले, "तो कोण आहे? तुझा घरमालक ना? सांग त्याला." मी सांगितलं. चाचा म्हणाले, "तू पुकार, मी उगा राहतो." मी पुकारलं नाही. ते उगे राहिले नाहीत. असं महिनाभर चाललं.

शेवटी मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या जज. वयानं तरुण, बोलणं मोजकं, कामाला वाघ. चाचांना हजर करायचा पुकारा अर्थात मीच करायचा. चाचा दारापासून पाच हातांवर उभे. मी त्यांचं कागदावरचं नाव पुटपुटलो. चाचा आभाळाकडे बघत राहिले. मी पुन्हा पुटपुटलो. ते लिंबाची पानं मोजायला लागले. मी जाऊन त्यांची बाही धरली.

"हात धरून कायले नेतं बे? मी काय बकरी हाय? हाक मार."

आत सगळं ऐकू जात होतं. मॅडमनीच आतून स्पष्ट आवाजात म्हटलं, "चाचा, आत या."

"हाजिर!" चाचा म्हणाले आणि आत गेले.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आवारात ओरडता. तुमचा आवाज आत येतो, कामात अडथळा होतो."

"आत येते साहेब?"

"हो, येतो."

"मंग हे पाहा न साहेब. माहा आवाज बाहेरून आत येते, अन् तुमचा आतून बाहेर नाही येत."

समोर बसलेल्या एका वकिलांनी उठून म्हटलं, ही कोर्टाची बेअदबी आहे. योगायोग असा की इंझोरीवालीच्या दिराचे वकील तेच. चाचा त्यांच्याकडे वळले. "बेअदबी तवा झाली वकील साहेब, जवा एक बाई सकाळपासून दारात बसून राह्यली अन् कागदावर लिवल्या गेलं का थे आलीच नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कोणती बाई, कधी, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "खारीज झालेल्या दाव्याबद्दल असं तोंडी बोलता येणार नाही. त्यांना अर्ज करू द्या. आणि तुम्ही आवारात ओरडणार नाही असं लिहून द्या."

"देतो लिवून. पन यक अट हाय."

"कोर्टाला अट घालता येत नाही."

"मंग अर्ज समजा. आतली हाक लिंबालोक पोचली त मी मुका. नाही पोचली त मी बोलनार."

मॅडम हसल्या नाहीत, पण कारकुनाला म्हणाल्या, जसं बोलताहेत तसं लिहा. चाचांनी खाली उर्दूत सही केली, लांबलचक, कागदाच्या कडेपर्यंत. त्या दिवसापासून अर्जाची पेशी होईपर्यंत ते लिंबाखाली बसायचे पण बोलायचे नाहीत. माझा पुकारा झाला की नुसते माझ्याकडे बघायचे. ते जास्त जड जायचं.

इंझोरीवालीच्या वकिलानं दावा पुन्हा नंबरावर घ्यावा म्हणून अर्ज लावला. त्यालाही आपण त्या दिवशी नव्हतो याची बोच असावी. दिराच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. रेकॉर्डवर लिहिलंय, तीनदा पुकारा केला, वादी गैरहजर. बाई खोटं बोलते, ती आलीच नव्हती. अर्ज नामंजूर झाला तर तिला वरच्या कोर्टात जावं लागणार, म्हणजे जिल्ह्याला, आणि तिची एवढी ऐपत नव्हती. अर्ज म्हणजे तिचं वावर. आणि अर्ज अडकला होता माझ्या तोंडापाशी.

अधीक्षकांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम तुलाच विचारतील. तीनदा पुकारा केला, एवढंच म्हणायचं. तू अजून कायम नाहीस, विसरू नको." आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. त्यांनी आयुष्यभर असेच कागद सांभाळले होते.

त्या संध्याकाळी चाचींनी तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती. मला वाटलं चाचा आता समजावतील, खुदाची आण घालतील. ते भाकरी चुरत राहिले. मीच शेवटी म्हणालो, "चाचा, उद्या मी काय सांगू?"

"मले काय इचारतं? मी होतो काय थंयी? ज्यानं पुकारलं त्याले मालूम."

"तुमचं काय जातंय? नोकरी माझी जाईल."

"जाईन," चाचा म्हणाले. "माही गेली होती. मी मेलो काय?"

मला इतका संताप आला की मी ताट सारून उठलो. खोलीत जाऊन दार लावलं. बाहेर चाची चाचांना रागावत होत्या, पोराच्या पोटावर का उठता म्हणून. चाचा म्हणाले, "मी कोठं उठलो? थो उठला." आजही मला वाटतं, दोन गोड शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यांना भीक मागणं जमत नसे, माझ्याकडून खरं बोलण्याचीही नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरलं. चाचा शेवटच्या बाकावर. इंझोरीवाली आत आलीच नाही. किती सांगितलं तरी म्हणाली, मी आपली लिंबाखाली बरी, आत मले घाबरं होते. दिराच्या वकिलांनी रेकॉर्ड वाचून दाखवलं, तीनदा पुकारा. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी खारीजचा हुकूम मी तुमच्या शब्दावर केला. पुकारा कसा केला होता?"

मी तोंड उघडलं. अधीक्षक बाजूच्या दारात उभे होते.

"सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी जसा केला होता, तसाच आता करून दाखवा."

वकील साहेब निर्धास्त मागे टेकले. त्यांना ठाऊक होतं, आता कोणताही शिपाई घसा फाडून ओरडेल. मलाही ठाऊक होतं. एक खणखणीत हाक मारायची आणि सुटायचं. मी दाराकडे चालत गेलो तेव्हा चाचांच्या बाकापाशी जरा थांबलो. ते वर पंख्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मी एक पाय आत ठेवला, एक बाहेर. खांदा चौकटीला टेकवला. घड्याळाकडे नजर ठेवली आणि एका श्वासात म्हणालो, "जैतुनबी जौजे शेख महेबूब."

आपलाच पुकारा मी पहिल्यांदा ऐकला. व्हरांड्यातल्या एकानं दुसऱ्याकडे तंबाखू मागितली. लिंबाखाली ती बाई गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही. शेवटच्या बाकावरून चाचा खोकले, एकदाच.

मी आत वळलो.

"असाच केला होता?"

"हो मॅडम. असाच. आणि तीनदा नाही, एकदाच."

वकील साहेब ताडकन उठले. मॅडमनी त्यांना हातानंच बसवलं आणि लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. माझी नोकरी त्या कागदावर उतरत होती. मग वर न बघता त्या म्हणाल्या, "दावा नंबरावर घेतला. वादीला बोलवा."

दर वर्षी संक्रांतीनंतर माझ्या घरी तुरीचं एक गाठोडं येतं. ते त्या अडीच एकरातलं असतं. निकाल लागायला पुढे पाच वर्षं लागली, चाचा तो ऐकायला नव्हते. मेमो तर त्याच आठवड्यात आला, आणि कायम व्हायला मला इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त लागली. बदली होईल तिथं वकील मला सांगतात, हळू पुकारा, कान फाटतात. मी ऐकत नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी दारात थांबलोच नाही, पायऱ्या उतरून भर उन्हात आवाराच्या मधोमध गेलो, दोन्ही हात तोंडाभोवती धरले, आणि गल्लीच्या टोकाला उभं राहूनही जो आवाज मला सापडला नव्हता तो काढला.

"इंझोरीवाली होऽऽ! जैतुनबी, शेख महेबूबची घरवाली, इंझोरीवाली होऽऽ! कोर्टात तुमचा पुकारा झाला!"

ती गुडघ्यावर हात टेकवून उठली. गाठोडं तिथंच राहिलं. शाळेतल्या पोरीसारखा एक हात तिनं उंच धरला होता आणि ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली.

"हाव बापा, हाव! हाय न मी! कवाची इथंच हाय!"